फिरवून दाखवा, मोजून देऊ नका : अजिंठ्याच्या जोडचित्रांपासून वाळूजच्या शेडपर्यंत

मोटरसायकल कंपन्यांच्या वेबसाइटवर हल्ली गाडी बोटाने फिरवून बघता येते. एकीकडे ओढलं की सायलेन्सर समोर येतो, दुसरीकडे ओढलं की चेन. आपल्याला वाटतं, गाडी गोल टेबलावर ठेवून चहूबाजूंनी फोटो काढले असणार. पुष्कळदा तसं नसतं. पुष्कळदा तर त्या रंगातली गाडी अजून लाइनवरून उतरलेलीही नसते. कॉम्प्युटरमध्ये गाडीचं मॉडेल असतं, त्या मॉडेलची वेगवेगळ्या कोनांतून चित्रं काढलेली असतात आणि आपलं बोट सरकेल तशी ती एकामागून एक पुढे येतात. इतकी साधी गोष्ट आहे.

मग यावर एवढं लांबलचक लिहायचं कारण काय? कारण वाळूज एमआयडीसी आमच्या गंगापूर तालुक्यात येते. मी तालुक्याचा पत्रकार. पाणी, ऊस, बाजार समिती, अपघात या माझ्या रोजच्या बातम्या. पण बातमीच्या निमित्ताने शेडमध्ये जाणं होतं आणि अलीकडे छोट्या कारखानदारांकडून एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो : "परदेशातलं गिऱ्हाईक म्हणतं, पार्ट सगळ्या बाजूंनी दाखवा. दाखवायला हरकत नाही हो, पण उद्या तोच पार्ट दुसऱ्याने काढला तर?"

प्रश्न धंद्याचा आहे, तांत्रिकही आहे. पण मला तो इतिहासाचा जास्त वाटतो. एखादी वस्तू जागेवरून न हलवता लांबच्या माणसाला जशीच्या तशी कशी दाखवायची, हा उद्योग आपल्या जिल्ह्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुरू झाला. तेव्हा वस्तू आपली होती, चित्रं काढण्याचा हुकूम दुसऱ्यांचा होता आणि चित्रं गेली लंडनला. पुढे त्यांचं काय झालं, ते आधी बघू.

१८४४ साली मद्रास आर्मीतला रॉबर्ट गिल हा अधिकारी अजिंठ्याला आला. लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करायच्या, हे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला दिलेलं काम. जवळपास २० वर्षं तो हेच करत राहिला. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात त्याने नकला केल्या आणि त्या इंग्लंडला रवाना झाल्या. त्यातल्या बहुतेक लंडनजवळच्या सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्या जळून गेल्या. मोजक्याच वाचल्या.

पण गिलने आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. पुढच्या काळात तो कॅमेराही वापरू लागला होता, आणि तो कॅमेरा जोडचित्रांचा होता. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं. त्यामुळे डाव्या आणि उजव्या डोळ्याला तीच वस्तू किंचित वेगळी दिसते, आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८३८ मध्ये मांडलं. पुढे दोन भिंगांतून शेजारीशेजारी घेतलेले दोन फोटो एका छोट्या पेटीत घालून बघायची युरोपात टूमच निघाली. गिलने अजिंठ्यात हाच प्रयोग केला. १८६४ मध्ये लंडनला त्याच्या १०० जोडचित्रांचं पुस्तक निघालं, मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला आपल्या लेण्यातले खांब पुढे आलेले आणि मागची गुंफा खोल गेलेली दिसू लागली.

यात पहिला धडा आहे. तैलचित्र एकुलतं एक होतं, जळालं आणि संपलं. जोडचित्रं छापलेली होती, प्रती अनेक होत्या, म्हणून ती राहिली. ज्याच्या प्रती निघतात तेच टिकतं.

दुसरा धडा नावाचा. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. पुन्हा नकला झाल्या, पुन्हा लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्याही बऱ्याच जळाल्या. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. पुस्तकावर नाव ग्रिफिथ्स यांचं. अंधारात, वटवाघळांच्या वासात दिवसदिवस उभं राहून रेषा उतरवणारी बहुतेक पोरं इथलीच, पण अजिंठ्याच्या नकला म्हटलं की त्यांची आठवण कोणाला येते?

हे चित्र बदललं ते निजामाच्या काळात. अजिंठा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १९१४ मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं, पुढे भित्तिचित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले, आणि खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी फोटोंच्या आधारे अजिंठ्याचे चार भाग काढले. पहिला १९३० मध्ये, शेवटचा १९५५ मध्ये. निजामाच्या राजवटीबद्दल आपल्याकडे जे मत आहे ते आहेच, त्यावर इथे वाद नको. पण लेणी ज्यांच्या ताब्यात होती त्यांनीच चित्रं काढायची व्यवस्था केली आणि पुस्तकही काढलं, हे इथे पहिल्यांदा घडलं.

आता अजिंठ्यावरून पॅरिसला जाऊ, कारण फिरत्या चित्राचा खरा आजोबा तिथला. १८६० च्या सुमारास फ्रान्स्वा विलेम नावाच्या शिल्पकाराने एक गोल खोली बांधली. मधोमध माणूस उभा करायचा आणि भोवताली २४ कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फोटो घ्यायचे. वर्तुळाचे ३६० अंश, भागिले २४, म्हणजे दर १५ अंशांना एक फोटो. मग एकेका फोटोची बाह्यरेषा पडद्यावर पाडायची, ती यंत्राच्या हाताने गिरवायची आणि त्याच रेषेवर मातीचा गोळा कापत न्यायचा. २४ रेषा झाल्या की मातीत माणसाचा पुतळा तयार. काही वर्षं हा धंदा चालला, मग बसला. पण विलेमने एक गोष्ट सिद्ध करून ठेवली : वस्तूचे चहूबाजूंचे फोटो मिळाले की वस्तूचा बाह्य आकार परत घडवता येतो. शेडवाल्यांचा जो प्रश्न वर सांगितला, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. आपण त्याकडे परत येऊ.

पुढची १०० वर्षं वस्तू आधी, चित्र नंतर, हाच क्रम होता. तो उलटला मोटार कंपन्यांमुळे. गाडीच्या पत्र्याचा बाक कागदावर नेमका सांगता येत नसे; लाकडी नमुना करायचा, त्यावरून डाय करायची, प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक वाढायची. १९५९ मध्ये सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्टेल्यो यांनी असा बाक गणितात मांडायची रीत काढली. कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतले पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले आणि त्यांनी आपलं काम १९६० च्या दशकात प्रसिद्ध केलं. आज जगभरातले इंजिनिअर त्या रेषांना बेझिए वक्र म्हणतात. शोध आधी कास्टेल्यो यांचा, नाव बेझिए यांचं. सगळंच झाकून ठेवणाऱ्याचं काय होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

त्यानंतर वेग आला. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर पेनाने रेषा ओढून चित्र काढायचा प्रोग्राम लिहिला. १९७० च्या दशकात युटा विद्यापीठात पृष्ठभागावर उजेड आणि सावली कशी पडेल हे गणिताने काढायच्या पद्धती निघाल्या. मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये घरातल्या चहाच्या किटलीचं मॉडेल केलं, ते पुढे जगभर या विद्येचं सरावाचं भांडं झालं. १९८२ च्या शेवटी ऑटोकॅड आलं आणि कॅड छोट्या कॉम्प्युटरवर उतरलं. १९९५ मध्ये अॅपलने क्विकटाइम व्हीआर आणलं. त्यात एखादी वस्तू गोल फिरवत फोटो काढायचे, आणि बघणाऱ्याने माउस ओढला की चित्र बदलायचं. विलेमची गोल खोली पडद्यावर आली. फोटोंच्या जागी कॅड मॉडेलवरून काढलेली चित्रं घातली, की आज आपण बोटाने फिरवतो ती मोटरसायकल तयार.

आणि वाळूज? बजाजचा वाळूज कारखाना नोव्हेंबर १९८५ मध्ये सुरू झाला. राष्ट्रपती झैलसिंग उद्घाटनाला आले होते. त्या कारखान्याभोवती पार्ट पुरवणाऱ्या शेड उभ्या राहिल्या, गावोगावची आयटीआय झालेली पोरं लेथवर उभी राहिली. पुढे शेंद्र्याला स्कोडा आली, ऑरिक आलं. चाळीस वर्षांत या जिल्ह्याने धातू कापायचं, ओतायचं, दाबायचं कसब कमावलं. पण या व्यवस्थेत ड्रॉइंग नेहमी वरून येतं. कंपनी ड्रॉइंग देते, व्हेंडर जॉब करतो, क्वालिटीवाला सॅम्पल पास करतो, भाव कंपनी ठरवते. व्हेंडरने लाखो नग काढले तरी त्या पार्टचं मॉडेल त्याचं नसतं. मला हे ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांसारखं वाटतं. हात आमचा, नाव दुसऱ्याचं. मंदी आली की ऑर्डर थांबते, आणि अशा वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला शेडवाल्याकडे स्वतःचं असं काहीच नसतं.

ज्यांनी यातून डोकं वर काढलं त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली. त्यांनी स्वतःची एखादी वस्तू केली. कोणी शेतीच्या अवजाराचा गिअरबॉक्स, कोणी पाइपाचा क्लॅम्प, कोणी पॅकिंग मशीनचा भाग. आणि अशी वस्तू आली की ती दाखवावी लागते. म्हणून आता कामाचं बोलू.

फिरतं चित्र कसं बनतं? एका शेडमधल्या पोराने समोर बसून मला दाखवलं, ते सांगतो. कॅडमधून मॉडेल स्टेप फाइलमध्ये काढायचं. मग त्याची एक हलकी प्रत करायची आणि त्या प्रतीतून आतलं सगळं काढून टाकायचं : आतली भोकं, बेअरिंगच्या जागा, आतले दाते. बाहेरून जे दिसतं तेवढंच ठेवायचं. या प्रतीचं जाळं करायचं, म्हणजे पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पाडायचे. त्रिकोण मोठे राहिले तर गोल शाफ्ट षटकोनी दिसतो, फार बारीक केले तर कॉम्प्युटर रडतो. मग ते चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं. फ्रीकॅड आणि ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पैसे नाहीत ही सबब इथे चालत नाही.

पुढे दोन गोष्टी चुकतात. एक, वस्तूचा मध्य फिरण्याच्या अक्षावर नसेल तर चित्र फिरताना वस्तू डुगडुगते, गिऱ्हाइकाला वाटतं पार्टच वाकडा आहे. दोन, दिवे. वस्तू फिरवायची आणि दिवे, कॅमेरा जागेवर ठेवायचे. मग धातूवरची चकाकी वस्तू फिरेल तशी सरकते, हातात धरून उजेडाकडे फिरवल्यासारखी. तसं न करता फक्त कॅमेरा भोवती फिरवला तर एक बाजू उजळ आणि पाठ काळीठिक्कर येते.

दर १० अंशांना एक चित्र काढलं तर ३६ चित्रं होतात, दर ५ अंशांना काढलं तर ७२. वरून आणि खालूनही दाखवायचं तर कॅमेरा वर-खाली करून आणखी ओळी वाढवायच्या. ३६ च्या पाच ओळी म्हणजे १८०. एकेक चित्र १०० केबीचं धरलं तरी ३६ चित्रांचे साडेतीन एमबीच्या आसपास होतात, आपल्याकडच्या मोबाइल नेटवरही उघडतात. वेबपानावर छोटा प्रोग्राम असतो. बोट किती सरकलं ते मोजतो आणि त्या क्रमांकाचं चित्र पुढे करतो. ३६ नंतर परत १.

दुसरा मार्गही आहे. २०११ पासून वेबजीएल आलं, त्यामुळे ब्राउझरमध्ये खरं त्रिमित मॉडेलच उघडता येतं. दिसायला देखणं, कसंही फिरवा, हवं तेवढं जवळ जा. पण त्यासाठी आकाराची फाइल बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर उतरावी लागते. आणि उतरलेली फाइल ठेवून घेता येते.

शेडवाल्यांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर इथे आहे. माझ्या माहितीतल्या एका कारखानदाराने नमुना म्हणून आख्खी स्टेप फाइलच ईमेलने पाठवली होती. स्टेप फाइल म्हणजे वस्तूच. तिच्यावरून कोणतंही माप घेता येतं, टूलपाथ काढता येतो. गिऱ्हाइकाची ऑर्डर आली नाही, काही महिन्यांनी तसाच पार्ट बाजारात आला. कोणी काय केलं हे सिद्ध होण्यासारखं नव्हतं, म्हणून बातमीही झाली नाही.

३६ चित्रांत असं होत नाही. पण चित्र म्हणजे कुलूप, असंही समजू नका. विलेमने २४ फोटोंवरून पुतळा केला होता, आणि आजचं सॉफ्टवेअर ते काम काही मिनिटांत करतं. बाहेरचा ढोबळ आकार जाईल, हे धरून चला. जे जाणार नाही ते म्हणजे टॉलरन्स, धातूची जात, हीट ट्रीटमेंट, आतली रचना. पार्टची खरी किंमत तिथेच असते. म्हणून सूत्र असं : फिरवून दाखवा, मोजून देऊ नका. मोजण्याजोगी फाइल करार झाल्यावर, सही घेऊन.

कायद्याचं एक कलम मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. आपल्या डिझाइन कायदा, २००० प्रमाणे वस्तूच्या दिसण्याची नोंदणी करता येते. संरक्षण आधी १० वर्षं, मग वाढवून १५ वर्षं. पण अर्ज करायच्या आधी ते डिझाइन भारतात किंवा परदेशात प्रसिद्ध झालेलं असेल तर नोंदणी होत नाही. वेबसाइटवर फिरतं चित्र टाकणं म्हणजे प्रसिद्ध करणंच. म्हणून आधी अर्ज, मग चित्र. निव्वळ यांत्रिक करामत या कायद्यात बसत नाही, तिच्यासाठी पेटंट; तिथेही अर्ज आधीच. आणि ड्रॉइंग कंपनीचं असेल तर लेखी परवानगीशिवाय तो पार्ट आपला म्हणून दाखवूच नका.

दुसरी बाजू गिऱ्हाइकाची, म्हणजे आपली सगळ्यांची. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रीत मालाचं वर्णन आणि चित्र प्रत्यक्ष मालाशी जुळलं पाहिजे. कॉम्प्युटरमधल्या मॉडेलला वेल्डिंगचा डाग नसतो, कास्टिंगला छिद्र नसतं, रंगाला ओघळ नसतो. म्हणून चित्राखाली एक ओळ लिहावी, 'हे संगणकावर काढलेलं चित्र आहे', आणि शेजारी प्रत्यक्ष पार्टचा एक फोटो. माझ्या मते यात कमीपणा नाही. लांबच्या गिऱ्हाइकाचा भरवसा यानेच बसतो.

आता मागणी. चिकलठाण्याला केंद्र सरकारच्या लघुउद्योग मंत्रालयाचं इंडो जर्मन टूल रूम आहे, तिथे कॅड शिकवतात. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, दरवर्षी कॅड शिकलेली पोरं बाहेर पडतात आणि पुण्याची गाडी धरतात. यांना एकत्र बसवून वाळूजमध्ये एक खिडकी काढा. छोट्या कारखानदाराने आपली वस्तू आणावी. मॉडेल करून मिळावं, डिझाइनचा अर्ज भरून मिळावा, मग फिरतं चित्र करून मिळावं, आणि मूळ फाइल त्याच्याच पेनड्राइव्हमध्ये परत जावी. फाइल कोणाची, हे पहिल्या कागदावर लिहिलेलं असावं. याला नवी इमारत लागत नाही. दोन चांगले कॉम्प्युटर, चार पोरं आणि एक जाणता वकील एवढ्यावर सुरुवात होते.

पालकमंत्री कोणत्याही पक्षाचे असोत, उद्योजकांच्या बैठकीत रस्ते, वीज आणि पाणी यांच्या खाली हा चौथा मुद्दा लिहून घ्या, एवढंच म्हणणं आहे. अजिंठ्याच्या नकला लंडनमध्ये दोनदा जळाल्या तेव्हा इथे कोणाला विचारलं गेलं नव्हतं. वाळूजच्या पार्टचं मॉडेल कोणाकडे राहणार, हे ठरवताना तरी शेडवाला त्या टेबलावर असला पाहिजे.